लेन्-ता-मेन्-ते आणि फाटका कोपरा

मला इटालियन भाषेतलं एकही क्रियापद धड येत नाही. नामं चार येतात आणि चारही खाण्यापिण्याची. क्रियाविशेषणं मात्र दीडशेच्या घरात येतात, तीही अक्षर अक्षर तोडून. म्हणजे काम कसं झालं, कधी झालं, कुठं झालं हे मी इटालियनमध्ये फर्डं सांगू शकतो. फक्त काय झालं आणि कुणी केलं एवढंच सांगता येत नाही. एवढ्या भांडवलावर मी दीड वर्ष कुरुंदा, जवळा बाजार आणि आसपासच्या गावांत इटलीचा पंडित म्हणून मिरवलो, आणि त्या मिरवण्यापायी शिरड शहापूरच्या एका बाईचं कुंकू पुसलं जायची वेळ आणली. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. त्या मुलखात ही गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ आहे, आणि ती ज्या रंगात सांगतात त्यापेक्षा मीच सांगितलेली बरी.

मी कुरुंद्याचा. घरी हळदीचं रान. निजामाच्या राज्यात शाळा उर्दूतून असायची, त्यामुळं घरात मराठी आणि शाळेत उर्दू असं शिकून दोन्ही भाषांत मी सारख्याच चुका करायला शिकलो. इंग्रजी अक्षरं लावता यायची, एवढं एक भूषण. हळद शिजवायच्या कढईजवळ धुरात उभं राहायचा कंटाळा आला, म्हणून वऱ्हाडात पळून जाऊन इंग्रजांच्या फौजेत नाव घातलं. शूर होतो म्हणून नव्हे. फौजेत हळद शिजवत नाहीत असं ऐकलं होतं म्हणून. फौजेलाही माझी पारख लगेच झाली असावी. तिनं मला बंदूक न देता पेन्सिल दिली आणि फिरत्या दवाखान्याच्या कोठीवर कारकून म्हणून बसवलं. पुढं आफ्रिकेच्या वाळूत एका सकाळी मी जखमेच्या पट्ट्या मोजत असताना इटलीचे शिपाई तंबूत शिरले. मी चालू गठ्ठा मोजून पुरा केला, आकडा लिहिला आणि मग हात वर केले. माझ्या युद्धातल्या पराक्रमाचा वृत्तांत इथं संपतो.

इटलीतल्या कैद्यांच्या छावणीतही मला कोठीच मिळाली. तिथं एक म्हातारा शिपाई होता, लढाईच्या आधी कुठल्याशा खेड्यात मास्तर असलेला. त्याच्या खणात शाळेतल्या मुलांचं व्याकरणाचं एक पुस्तक होतं. छावणीत विडीला कागद मिळत नसे, आणि त्या पुस्तकाचा कागद पातळ, उत्तम. माझ्या आधी जे कैदी कोठीवर येऊन गेले त्यांनी नामं ओढली, सर्वनामं ओढली, क्रियापदं तर सगळ्या काळांसकट ओढून धूर केली. माझ्या हाती पुस्तक आलं तेव्हा त्यात अक्षरं कशी तोडावीत हे सांगणारी दोन पानं आणि क्रियाविशेषणांचा धडा एवढंच शिल्लक होतं. मी विडी ओढत नव्हतो. म्हणून तेवढं वाचलं.

म्हाताऱ्याला मास्तरकीची खाज होती आणि मला दुसरा उद्योग नव्हता. तो रिकामा डबा पुढ्यात घ्यायचा आणि अक्षराला एक टोला द्यायचा. लेन्. ता. मेन्. ते. चार टोले. लेन्तामेन्ते म्हणजे सावकाश. आधी मूळ शब्द घ्यायचा, लेन्तो, म्हणजे संथ. त्याला स्त्रीलिंगी करायचं, लेन्ता. आणि मग मागं मेन्तेची शेपटी लावायची. हे मला फार आवडलं. आपल्याकडं एखादी गोष्ट कशी झाली हे सांगायला शब्दच दोनदा म्हणतात, हळूहळू, भराभर, पटापट. शेपूट लावायची तर ‘पणे’ लावतात आणि तेही पुस्तकात. यांच्याकडं मात्र आधी शब्दाला लुगडं नेसवतात, मगच कामाला पाठवतात.

अक्षरं तोडायचे कायदेही झकास होते. एकच अक्षर जोडीनं आलं की जोडी मधोमध तोडायची. पुर्-त्रोप्-पो. आ-देस्-सो. दाव्-वे-रो. वाटणी झालेल्या दोन भावांसारखा एक ‘प’ बांधाच्या अल्याड, दुसरा पल्याड. पण ‘स’च्या पुढं दुसरंच कुणी उभं असेल तर ‘स’ मागच्याजवळ राहत नाही, पुढच्याचा हात धरून जातो. प्रे-स्तो. प्रेस्तो म्हणजे लौकर. मी पहिल्यांदा प्रेस्-तो असं तोडलं तेव्हा म्हातारा डब्यावर नाही, माझ्या डोक्यावर टोला देऊन जे म्हणाला ते मला कळलं नाही, कारण त्यात क्रियापद असावं.

आपल्या जिभेला ही भाषा जड नाही. बहुतेक शब्दांच्या शेवटी स्वर, आणि तोडलं की अक्षर न् अक्षर भाकरीच्या तुकड्यासारखं वेगळं. मी पाढे म्हणावेत तशी ती सगळी पानं पाठ केली. मग एके दिवशी कोठीच्या तीन पायऱ्यांवरून बटाट्याच्या पोत्यासकट पडलो, पाय मोडला, तो वाकडा बसला, आणि निकामी कैद्यांची अदलाबदल झाली तेव्हा इटलीनं मला आनंदानं परत केलं. इटलीहून मी दोन गोष्टी आणल्या, लंगडणं आणि ते अर्धं पुस्तक. लंगडायला घरच्या घरीही शिकता आलं असतं.

गावात आल्यावर पहिल्याच आठवड्यात लोकांनी विचारलं, “तिकडली बोली येती का?” येत नाही म्हणायला काय लागत होतं? पण मी घसा साफ केला आणि पहिलं पान म्हणून टाकलं. लेन्तामेन्ते, वेलोचेमेन्ते, नातुरालमेन्ते, फिनालमेन्ते! मध्ये मध्ये हात उडवले, एकदा भुवया चढवल्या, शेवटी मान झुकवली. लोक चाट. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात तर बैलांच्या दलालांनी मला गाडीवर चढवून दोन पानं ऐकली. एकानं विचारलं, “ह्ये काय म्हनलात तुमी?” मी म्हणालो, “तिकडच्या सरदाराचं भाषण आहे.” खरं म्हणजे मी ‘सावकाश, जलद, साहजिकच, अखेरीस’ एवढंच म्हटलं होतं, पण भाषणं मी पुढंही पुष्कळ ऐकली, त्यांत याहून जास्त क्वचितच असतं. आमचे वडील तेवढे भुलले नाहीत. ते म्हणायचे, “इटलीच्या बोलीनं औत चालत असंल तर बोल, न्हाईतर कढईखाली लाकूड सार.”

एक दिवस बाजारातल्या एका कापडवाल्यानं मला चारचौघांत धरलं. “इटलीला जाऊन आलात, तर मंग तिकडून एखादा कागद येत न्हाई काहून? आमचा मेहुणा हैदराबादेत हाय तर म्हैन्याला कागद येतो.” लोक हसले. मी म्हणालो, “येतात की. ढीग पडलेत.” “मंग दावा की एखादा.” “पुढल्या बाजारी,” मी म्हणालो.

तेव्हापासून मी इटलीचं टपाल तिकीट कुठं मिळेल या काळजीत होतो. आणि नशीब पाहा, चार दिवसांत ते चालत दारात आलं. वसमतहून टपालाची थैली घेऊन खेडोपाडी जाणारा हरकारा आमच्या ओट्यावर पाणी प्यायला टेकायचा. त्यानं गंमत म्हणून थैलीतून एक पत्र काढून दाखवलं. पाकीट नव्हतं; एकच लांब कागद घडी करून कडेनं चिकटवलेला, वर पत्ता, आणि कोपऱ्यात तिकीट. इटलीचं!

“ह्ये तिकीट मला दे,” मी म्हणालो.

“आन् मालकानं विचारलं तर?”

“तिकीट काय वाचायचं असतं? कागद पोचला म्हणजे झालं.”

त्याला तंबाखूची चिमूट दिली. तिकीट सोडवून काढायला पाणी लावत बसलो असतो तर तो उठून गेला असता, म्हणून कोपराच फाडून घेतला. पत्ता इंग्रजी अक्षरांत होता. तो लावायला मला क्षणभर लागला असता. तो क्षण मी खर्च केला नाही. थैली पुढं गेली आणि मी तो तिकिटाचा तुकडा खळीनं माझ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर डकवला. बाजारात दाखवला. कापडवाल्याचं तोंड बंद झालं. मी त्या रात्री फार सुखानं झोपलो.

आपल्याकडं मयताचं पत्र आलं तर त्याचा कोपरा फाडलेला असतो. पत्र उघडायच्या आधी हातात घेतल्याबरोबर कळावं म्हणून. असं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, वाचून झालं की फाडतात आणि वाचणारा अंघोळ करतो. हे मला कळायला लागल्यापासून ठाऊक. मी स्वतः चुलत्याच्या, आत्याच्या वेळी कोपरे फाडून पत्रं लिहिलेली. पण त्या दिवशी ओट्यावर ते सगळं माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं. डोक्यात फक्त कापडवाला होता.

आठ दिवसांनी सकाळीच दारात एक बैलगाडी उभी राहिली. शिरड शहापूरचा एक उतारवयाचा शेतकरी, डोक्याला पंचा, डोळे सुजलेले. “इटलीवाले मास्तर हितंच राहत्यात का?”

मी छाती काढून पुढं झालो.

“जरा तकलीफ देतो. आमचं पोरगं तुमच्यावानीच तिकडं कैदेत होतं. दीड वर्स झालं, कागद न्हाई, खबर न्हाई. आता एक कागद आलाय. तिकडल्या बोलीत हाय, कुनाला वाचता येईना. तुमी वाचून दिला तर उपकार होतील.” मग तो खाली बघत म्हणाला, “वाचायला तसं काय राह्यलं न्हाई म्हना. कोपरा फाटून आलाय. हरकारा तर ओट्यावर टाकून तसाच गेला.”

मला तेव्हा जसं झालं त्याला इटालियनमध्ये सात-आठ क्रियाविशेषणं आहेत आणि त्यांतलं एकही पुरं पडलं नसतं.

खरं म्हणजे तिथंच सांगायला हवं होतं. दारात, दोन वाक्यांत. पण आत वडील होते, शेजारी ऐकत होते, आणि मी मास्तर होतो. मी आत गेलो, ते पुस्तक सदऱ्याच्या खिशात घातलं, आणि गाडीत बसलो. पुस्तक कशाला घेतलं असेल? विद्वान दिसावं म्हणून.

तीन तासांची वाट. म्हातारा पुढं बसून गाडी हाकत होता, मी मागं बसून त्याच्या बैलांची ढुंगणं बघत होतो. दोन्ही बैलांच्या पुठ्ठ्यावर सारखाच डाग दिलेला होता, एक चंद्रकोर आणि तिच्या पोटात दोन टिंबं. तीन तास मी त्या चंद्रकोरीकडं बघत ठरवत होतो की आता सांगतो, ओढा ओलांडला की सांगतो, गाव दिसलं की सांगतो. मध्येच म्हातारा म्हणाला, “सून कुंकू पुसू देईना. आमच्या भावानं बायकांना बोलावलं बांगड्या फोडायला, तर ती म्हने, कागद वाचल्याबिगर कुनी हात लावायचा न्हाई. चार दिवस झाले उंबऱ्यात बसून हाय. खात न्हाई, उठत न्हाई. एकदा तुमी वाचून सांगा, मंग सुटल बिचारी.”

गाव आलं तरी मी सांगितलं नव्हतं.

घरापुढं माणसं जमली होती. पत्र ओट्यावर एका दगडाखाली ठेवलेलं. आत नेलं नव्हतं. अंगणात तीन दगडांच्या चुलीवर हंड्यात पाणी तापत होतं, वाचून झाल्यावर माझ्या अंघोळीसाठी. म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ, म्हणजे त्या शिपायाचा चुलता, सगळी व्यवस्था बघत होता. असा व्यवस्थेचा माणूस प्रत्येक घरात असतो. शिपायाची आई भिंतीला टेकून बसली होती. आणि उंबऱ्यात ती सून, वीस-बावीस वर्षांची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हात पदराखाली, कुणी बांगड्या ओढून फोडू नयेत म्हणून.

“वाचा मास्तर,” चुलता म्हणाला. “जे असंल ते सांगा. आमची तयारी हाय.”

मी दगड उचलला, कागद उघडला. खालचा एक कोपरा नव्हता. तो माझ्या खिशात होता. बाकी कागद बारीक तिरक्या अक्षरांनी भरलेला. मी पहिली ओळ पाहिली, दुसरी पाहिली. माणसांच्या गर्दीत ओळखीचं कुणीच दिसू नये तसं झालं. मग तिसऱ्या ओळीच्या सुरुवातीला एक ओळखीचा चेहरा दिसला आणि मला इतका आनंद झाला की तो मी मोठ्यांदा म्हणूनच टाकला. “पुर्त्रोप्पो!”

“म्हंजी?” चुलता म्हणाला.

“म्हणजे...” मी म्हणालो, “दुर्दैवानं...”

झालं. पुढचं कुणी ऐकलंच नाही. बायकांनी एकदम गळा काढला. म्हातारा मटकन खाली बसला. चुलत्यानं एका बाईला खूण केली आणि ती उंबऱ्याकडं निघाली.

“थांबा!” सून ओरडली. रडणाऱ्या बायकाही थांबल्या. “त्यांनी एकच शबुद वाचलाय. दुर्दैवानं काय, ते अजून सांगितलं न्हाई. पुढं वाचा तुमी.”

मी घाम पुसला आणि घाईत सुटलेले ओळखीचे पहिल्या ओळीपासून पुन्हा शोधले. “अंकोरा... म्हणजे अजून. अजूनही.”

“अजून काय?”

“बेने. म्हणजे नीट, चांगलं.”

“काय चांगलं?”

“मग नोन आहे. नोन म्हणजे न. नाही.”

“काय न्हाई?”

“पुढं पुन्हा नोन.”

शिपायाची आई भिंतीपासून उठून सरकत सरकत माझ्यापुढं आली आणि माझा वाकडा पाय धरून म्हणाली, “बाबा, लेकरू हाय का न्हाई एवढंच सांग. बाकीचं इटलीचं मला काय करायचंय?”

दीडशे शब्द पाठ होते माझे. त्यांत नेमका हा एक नव्हता. हा त्या पानांवर होता जी कुणीतरी विडीत ओढून टाकली होती.

सून माझ्याकडं टक लावून बघत होती. मग ती शांतपणे म्हणाली, “तुमाला वाचता येत न्हाई.”

“येतं,” मी म्हणालो. मग म्हणालो, “नाही येत.”

आणि एकदा बांध फुटला तो फुटलाच. पुस्तक अर्धंच होतं, कसं-कधी-कुठं एवढेच शब्द मला येतात, बाजारातलं भाषण खोटं, सरदार खोटा, सगळं सांगून टाकलं. चुलता म्हणाला, “बरं, बोली येत न्हाई, पण कोपरा तर बोलतो ना? कोपऱ्याला बोली लागत न्हाई.” आणि त्यानं पुन्हा त्या बाईला खूण केली.

“कोपरा मी फाडला,” मी म्हणालो.

चुलत्याचा खुणेचा हात तसाच वर राहिला.

“काहून?” म्हातारा म्हणाला. रागानं नाही. त्याला खरंच कळत नव्हतं.

काहून ते सांगताना मला जी लाज वाटली तशी नंतर आयुष्यात कशाचीच वाटली नाही, आणि मी नंतरही पुष्कळ गोष्टी केल्या. कापडवाल्याला तिकीट दाखवायचं होतं म्हणून. एवढंच कारण. ते मी तीनदा सांगितलं, कारण दोनदा कुणाचा विश्वास बसला नाही. चुलता तर म्हणाला, “सुनेची दया येऊन तुमी खोटं बोलून राहिले. असं खुळ्यावानी कुनी करतं व्हय?”

म्हणजे पाहा, दीड वर्ष खोटं बोललो ते सगळ्यांना पटलं. आणि आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो ते पटेना, कारण एवढा गाढव माणूस असू शकतो हे त्या भल्या माणसांना मान्य नव्हतं.

“मंग कोपरा दावा,” सून म्हणाली.

मी खिशातून पुस्तक काढलं. शेवटचं पान उघडलं. तिकीट खळीनं पक्कं बसलेलं. सुनेनं पदराखालून पहिल्यांदा हात काढले, बांगड्या वाजल्या, आणि तिनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं. तिथल्याच हंड्यातलं गरम पाणी तांब्यात घेऊन बोटानं कडेकडेनं लावत राहिली. घाई नाही, ओढाताण नाही. लेन्तामेन्ते कसं असतं ते मी तेव्हा पाहिलं. तुकडा सुटला. तिनं तो पत्राच्या फाटक्या कडेला लावला. दात दाताला बसावा तसा बसला.

“खरंच ह्या मानसानं फाडलाय,” चुलता म्हणाला, आणि त्या ‘माणसानं’मध्ये माझी काय किंमत झाली ते मला बरोबर कळलं.

पण सून तिकडं बघतच नव्हती. तिनं तुकडा उलटा केला होता. एकच कागद घडी केलेला, म्हणजे तिकिटाच्या पाठीमागं आतली बाजू. तिथं तिरकी अक्षरं नव्हती. शिसपेन्सिलीनं, पोरानं काढावी तशी जाड रेघांची एक चंद्रकोर होती आणि तिच्या पोटात दोन टिंबं.

तिनं तो तुकडा सासऱ्यापुढं धरला. म्हाताऱ्यानं जवळून पाहिला, लांब धरून पाहिला, आणि उठून गाडीकडं पळत सुटला. आम्ही सगळे मागं. बैल अजून जुंपलेलेच होते. म्हाताऱ्यानं कागद बैलाच्या पुठ्ठ्याला भिडवला. चुलता व्यवस्थेचा माणूस; त्यानं पहिल्या बैलावर भागवलं नाही, दुसऱ्या बैलाशीही ताडून पाहिला.

“त्याला सही येत न्हाई,” म्हातारा म्हणाला. “दुसऱ्यानं कागद लिवला, आन् खाली ह्यानं आपला डाग दिला.”

“मेलेला मानूस डाग काढत न्हाई,” चुलता म्हणाला, जणू ही शंका इतरांनाच होती.

आई तोंडात पदर कोंबून बैलाच्या गळ्यात पडली. बैल एक पाऊल मागं सरला. तीन तास ती खूण माझ्या नाकासमोर होती आणि तिची जोड माझ्या खिशात. पुस्तकात डकवायच्या आधी मी तो तुकडा एकदा नुसता उलटा करून पाहिला असता, तर निदान एवढं तरी विचारत सुटलो असतो की ही चंद्रकोर कुणाची. पण पुढच्या बाजूला तिकीट असताना मागं कोण बघतो?

सून परत माझ्याकडं आली. “अजून कोनते शबुद वळखीचे हायेत त्यात?”

मी कागद पुन्हा घेतला. या वेळी मास्तर म्हणून नाही, चुलीजवळ उकिडवा बसून, ओळीखाली बोट ठेवून. शेवटाकडं दोन ठिकाणी एकच शब्द होता. “प्रे-स्तो,” मी तोडून दाखवलं. “लौकर. काय लौकर ते मला माहीत नाही.”

“मला माहीत हाय,” ती म्हणाली आणि कागद घेऊन उंबऱ्याच्या आत गेली. कोपरा फाटलेला कागद त्या घरात आत गेला आणि कुणी अडवलं नाही.

मी निघायला उठलो तसा चुलता आडवा आला. “असं कसं? पानी तापलंय. अंघोळ करून जा. तुमच्यासाठीच तापवलं व्हतं, अक्कल तरी धुऊन निघंल.” आणि खरोखरच अख्ख्या गावापुढं त्यांनी मला दगडावर बसवून अंघोळ घातली. नंतर पिठलं-भाकरी वाढली. मी जेवलोही. लाज वाटत होती, पण भूकही होती. गाडी मात्र परतीला मिळाली नाही. ‘सावकाश जा, लंगडत जा’ असं म्हाताऱ्यानं हसून सांगितलं.

त्या शिपायाला यायला आणखी सात-आठ महिने लागले. इटलीनं शरणागती पत्करल्यावर छावणीचे पहारे उठले, तेव्हापासून तो डोंगरातल्या एका शेतकऱ्याच्या घरी राहिला होता, त्यांच्या शेळ्या राखत, द्राक्षं तोडत. पत्र त्या घरच्या म्हातारीनं लिहिलं होतं, पत्ता त्याच्या फौजेच्या पगारवहीतून उतरवून. तो आला आणि पहिल्याच बाजारी मला शोधत जवळा बाजारात आला. बायकोनं सगळं सांगितलेलं असणारच. मला वाटलं, आता मार खातो. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि धबधब्यासारखं इटालियन बोलायला लागला. नामं, क्रियापदं, काळ, वचनं, सगळं. भोवती माणसं जमली. कापडवाला दुकान सोडून आला. शिपाई थांबला आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला.

“नातुरालमेन्ते,” मी म्हणालो.

तो इतका हसला की खाली बसला. नंतर त्यानंच सांगितलं की तो मला विचारत होता, तू जगातला सगळ्यांत मोठा गाढव आहेस हे खरं काय.

मी त्याला एकच विचारलं. “त्या पत्रात दुर्दैवानं काय होतं?”

त्याला आठवायला वेळ लागला. “व्हय, ते! म्हातारीनं लिवलं व्हतं, तुमचा पोरगा अजून बराय, चांगला हाय, काळजी करू नका. दुर्दैवानं आमच्याकडं मिरची मिळत न्हाई, त्यानं रोज जेवताना आमच्यावर रागावतो.”

तिकिटाचा तुकडा त्याच्या बायकोनं मला परत दिला नाही; मी मागितलाही नाही. माझ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर खळीचा चौकोनी डाग तेवढा राहिला. त्या घराशी मग माझं जाणंयेणं झालं, त्यांच्या मुलीच्या बारशाला मी जेवलो, चुलत्याच्या दहाव्यालाही गेलो. चुलता गेल्याचं पत्र पाहुण्यांना पाठवायची वेळ आली तेव्हा सुनेनं कोपरे फाडायचं काम मला दिलं. “तुमचा हात बसलेला हाय,” म्हणाली.

आणि अजूनही त्या घरी कोपरा फाटलेलं पत्र आलं, तर रडायच्या आधी हरकाऱ्याला थांबवून विचारतात, “ह्यो कागद कुरुंद्यावरून आला का?”